वायर काढण्याआधी

जुना, हाताला बसलेला कीबोर्ड ब्लूटूथवर चालवता येतो का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. विचारणारे बहुधा डीटीपी करणारे, अनुवादक, नाहीतर इनस्क्रिप्टच्या मराठी मांडणीवर बोटं घोटलेले टायपिस्ट. त्यांना नवा चपटा वायरलेस कीबोर्ड नको असतो. टीव्हीएस गोल्डची खटखटच हवी असते, फक्त ती टॅबलेटपुढे किंवा खिडकीपाशी बसून हवी असते. माझीही हौस तीच. मान दुखायला लागली म्हणून पडदा लांब आणि उंच नेला, तर वायर पुरेना. आता माझं सगळं व्यवस्थित चालतं, पण ते चालेपर्यंत जे जे समजत गेलं ते एकाही खोक्यावर छापलेलं नव्हतं.

पहिली अडचण दुकानातच येते. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ जा, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. ‘ब्लूटूथ अडॅप्टर द्या’ म्हटलं की नखाएवढं डोंगल काउंटरवर येतं. ज्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही त्याला ब्लूटूथ देणं एवढंच त्याचं काम. कीबोर्डशी त्याचा संबंध नाही. दोन प्लग एकमेकांत बसत नाहीत म्हणून मधे जोडणी आणून लावलेले लोकही मला भेटले आहेत. काही होत नाही, आणि होणारही नाही. यूएसबीत कीबोर्ड आपणहून बोलत नसतो. संगणक दर काही मिलिसेकंदांनी त्याला विचारतो, ‘काही दाबलं का?’, आणि मग तो उत्तर देतो. डोंगलही तसंच, विचारल्याशिवाय न बोलणारं. दोघांना एकत्र बांधलं तर विचारणारं कुणी उरतच नाही.

आपल्याला हवी असते वेगळीच डबी. एका बाजूने तिने संगणकासारखं कीबोर्डला विचारत राहायचं आणि दुसऱ्या बाजूने टॅबलेटला ‘मी ब्लूटूथ कीबोर्ड आहे’ असं सांगायचं. जपानच्या बिट ट्रेड वनचा ‘यूएसबी२बीटी प्लस’ हा या जातीचा. यापुढे मी अडॅप्टर म्हणेन तो हाच, डोंगल नव्हे. दुकानात अशी वस्तू मागताना ‘कीबोर्डची यूएसबी हिच्यात घालायची आहे’ असं स्पष्ट सांगा. डबीला यूएसबीचं भोक नसेल तर पुढे बोलूच नका.

ही डबी घरी बनवणाऱ्यांसाठी एक सूचना. ईएसपी३२ हे नाव ऐकून कुठलाही बोर्ड उचलू नका. मूळ ईएसपी३२ला ब्लूटूथ आहे, पण कीबोर्ड जोडता येईल अशी यूएसबी नाही. ईएसपी३२-एस२ला ती यूएसबी आहे, तर ब्लूटूथ नाही. दोन्ही आहेत ते एस३ला. दिसायला तिन्ही जवळपास सारखे, आणि दुकानदारालाही फरक माहीत असतोच असं नाही.

आता खरी गोष्ट. मला सगळ्यात जास्त छळलं ते विजेने.

कीबोर्डच्या वायरीत चार तारा असतात. दोन अक्षरांच्या, दोन विजेच्या. ब्लूटूथ फक्त पहिल्या दोघींचं काम करतं. उरलेल्या दोघी संगणकाकडून ५ व्होल्ट आणत होत्या; ते आता कुठून आणायचे? मी पॉवर बँक लावली. पेअरिंग झालं, टाइप झालं, आणि थोड्या वेळाने सगळं मेलं. पॉवर बँकेचं बटण दाबलं की पुन्हा जिवंत, पुन्हा काही ओळी, पुन्हा सामसूम. अशा वेळी संशय अडॅप्टरवर जातो. माणूस पेअरिंग खोडतो, पुन्हा करतो, टॅबलेट बंद करून चालू करतो, विकणाऱ्याशी भांडतो. अडॅप्टर बिचारा निर्दोष असतो. पॉवर बँक फोन चार्ज करायला बनवलेली. तिच्यातून फार कमी करंट जायला लागला की फोन भरला असं समजून ती स्वतःला बंद करते. दिवे नसलेला साधा कीबोर्ड आणि छोटा अडॅप्टर मिळून इतकं थोडं खातात की तिला आपण कुणाला पोसतोय याचा पत्ताच लागत नाही. आपण जोरजोरात टाइप केलं म्हणून तिचं मत बदलत नाही.

हे कळलं ते यूएसबी मीटरमुळे. काडेपेटीहून लहान यंत्र, मधे लावायचं, पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. माझं ऐकाल तर अडॅप्टरच्या आधी हे घ्या. कीबोर्ड संगणकाला लावून मधे मीटर ठेवा आणि आकडा टिपून घ्या. मोजकेच मिलिअँपिअर दिसले, तर ‘लो करंट मोड’ असलेली पॉवर बँक लागेल. इअरफोन आणि घड्याळं चार्ज करण्यासाठी तो असतो, बहुधा बटण दोनदा दाबून सुरू होतो. विकत घेताना तो किती वेळ टिकतो तेही पाहा, कारण काही पॉवर बँकांत तो दोन तासांनी आपोआप सुटतो आणि नेमकी एखादी लांब फाइल चालू असताना सुटतो.

उलटा प्रकार रंगीबेरंगी दिव्यांच्या गेमिंग कीबोर्डचा. तो सहज काहीशे मिलिअँपिअर ओढतो. यूएसबी २चं साधं पोर्ट ५०० पर्यंत देतं, लहान अडॅप्टरला तेवढं पुढे पोचवणं झेपेलच असं नाही. पॉवर बँक किती तास पुरेल याचा हिशोब सोपा आहे. पॉवर बँकेवरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टवर हातात साधारण ६,००० च्या आसपास येतात. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ते लिहिलेलंही असतं. १०० मिलिअँपिअर खाणारा कीबोर्ड त्यावर ६० तास चालेल, ४०० खाणारा १५ तास. दिवे बंद करता येत असतील तर करा. टायपिंग येणाऱ्याला बटणाखालचा दिवा कशाला लागतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सुटे सेल काढून, त्यांना स्वस्तातला चार्जिंग बोर्ड डकवून कीबोर्डच्या पोटात बसवणारे हौशी लोक आहेत. मी त्या वाटेला जात नाही आणि कुणाला जाऊही देत नाही. सेलचं वय माहीत नाही, संरक्षणाचं सर्किट आहे की नाही माहीत नाही, आणि ती वस्तू मांडीवर घेऊन बसायचं! बीआयएसची खूण असलेली बंद पॉवर बँक टेबलावर ठेवावी. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.

आपला कीबोर्ड अडॅप्टरला मानवेल का, हा पुढचा प्रश्न. साध्या कीबोर्डचं बोलणं ठरलेलं असतं: आठ बाइटचा निरोप, त्यात शिफ्ट-कंट्रोलसारख्यांसाठी एक बाइट आणि एकाच वेळी दाबलेली सहा बटणं. स्वस्त अडॅप्टरला एवढीच भाषा येते. सगळी बटणं एकदम ओळखणारे गेमिंग कीबोर्ड, किंवा ज्यांच्या अंगावर पेनड्राइव्ह लावायची जादा पोर्टं आहेत असे कीबोर्ड त्याच्यापुढे गप्प बसतात. आवाज कमीजास्त करायची बटणं वेगळ्या मार्गाने बोलतात, तीही बऱ्याचदा गळतात. टायपिंगच्या क्लासमधले जांभळ्या गोल पिनेचे कीबोर्ड त्याहून जुने. ती पद्धत १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आली. गोल पिनेचं यूएसबी करून देणारं छोटं बोंडूक मिळतं, पण त्यात काहीच बुद्धी नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात. कीबोर्डला दोन्ही भाषा येत असतील तरच ते चालतं. एरवी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

मराठी लिहिणाऱ्यांनी तर पैसे टाकण्यापूर्वी आणखी एक चाचणी घ्यावीच. कीबोर्ड ‘क’ पाठवत नाही. बटणावर ‘क’ छापलेला असला तरी वायरीतून जातो तो त्या बटणाचा क्रमांक, १४. इंग्रजी केचाही १४च. त्याचा ‘क’ करायचा की ‘के’, हे पलीकडचं यंत्र ठरवतं. विंडोजवर इनस्क्रिप्ट बसवलेलं असतं म्हणून आपल्याला हे कधी जाणवत नाही. टॅबलेटमध्ये मात्र पडद्यावरचा कीबोर्ड आणि बाहेरून जोडलेला कीबोर्ड यांच्या भाषा वेगळ्या धरलेल्या असतात. पडद्यावर मराठी उमटतं म्हणून बाहेरच्या बटणांतूनही उमटेल, असं गृहीत धरू नका. थोडक्या पैशांत मिळणारी ओटीजी वायर आणा, कीबोर्ड थेट टॅबलेटला लावा आणि चार ओळी टाइप करा. जोडाक्षरं नीट येतात का, भाषा बदलायचं बटण चालतं का, तेवढं पाहा. वायरीवर मराठी येत नसेल तर ब्लूटूथवरही येणार नाही. आणि कित्येकांना इथेच कळतं की ओटीजी वायरीनेच आपलं काम भागतंय. मग अडॅप्टर घेऊच नका.

सगळं जुळल्यावर ‘नमस्कारररररर’ असं काही उमटायला लागलं तर बटण चिकटलं असं समजून कीबोर्ड खोलायला घेऊ नका. बटण सोडल्याचा निरोप हवेत अडकला की पलीकडचं यंत्र ते दाबलेलंच आहे असं धरतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, वायफायही बऱ्याचदा तिथेच, आणि यूएसबी ३ ची पोर्टं त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. संगणकाचं ब्लूटूथ डोंगल यूएसबी ३च्या निळ्या पोर्टाशेजारी खोचलेलं असेल तर एक छोटी एक्स्टेन्शन वायर लावून ते टेबलावर आणा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच थांबतं.

पेअरिंग करताना पडद्यावर सहा आकडे दिसतात आणि ते कीबोर्डवर टाइप करून एंटर मारायचा असतो, ही चांगली रीत. काहीही न विचारता जोडला जाणारा अडॅप्टर मी बँकेच्या कामाला वापरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मार्क न्यूलिन या संशोधकाने दाखवून दिलं की अँड्रॉइड, लिनक्स आणि अ‍ॅपलच्या यंत्रांना मालकाच्या नकळत एक खोटा ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येत होता. नंतर दुरुस्त्या आल्या, पण अपडेट बंद झालेल्या जुन्या टॅबलेटपर्यंत त्या पोचत नाहीत.

एक गोष्ट ब्लूटूथला बहुतेक डेस्कटॉपवर जमत नाही. विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे बायोसमध्ये शिरताना किंवा डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरचा सुरुवातीचा पिन टाकताना, ब्लूटूथ अजून जागं झालेलं नसतं. त्या वेळी कीबोर्ड अडॅप्टरमधून काढून थेट संगणकाला लावावा लागतो. तेव्हा मूळ वायर कापून आतच सगळं बसवून देतो म्हणणारा कारागीर भेटला, तर त्याला काम देण्याआधी यूएसबीचं टोक शाबूत ठेवायला सांगा.