पाणबुड्याचे काम

आपल्या मोहाडी तालुक्यात वैनगंगा आहे. तलावही पुष्कळ आहेत. ढिवर बांधवांची पोरं चालायला लागली की पोहायलाही शिकतात. कुणी बुडाला की गाव त्यांनाच हाक मारते. ती पोरं जिवावर उदार होऊन तळ गाठतात. लोक शाबासकी देतात. पण शाबासकीने चूल पेटत नाही. मग या गुणावर पोट भरेल का? भरेल. पण कसे, ते नीट समजून घेऊ.

पाण्यात बुडी मारून काम करणारा तो पाणबुड्या. त्याला गोताखोरही म्हणतात. धरणाचे दरवाजे, पुलाचे पाये, जहाजाचे तळ तो तपासतो. १९७४ साली मुंबईपासून दूर समुद्रात तेल सापडले. तिथल्या नळांच्या दुरुस्तीला पाणबुडे लागतात. नौदलात पाणबुडे असतात. सिंधुदुर्गात तारकर्लीला ते पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवतात. पुरात राज्य आपत्ती प्रतिसाद दल धावून येते. त्याची एक तुकडी नागपूरला आहे. त्यात राज्य राखीव पोलीस दलाचे जवान असतात.

मात्र पोहणे वेगळे आणि हे काम वेगळे. दर १० मीटर खोलीला, म्हणजे सुमारे ३३ फुटांना, अंगावर हवेच्या एका दाबाइतका भार वाढतो. खाली हवा घेत बराच वेळ काम केले, की त्या हवेतला नायट्रोजन वायू रक्तात मुरतो. माणूस झटकन वर आला, तर त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतात, तसेच! मग सांधे दुखतात, अंग लुळे पडते, प्रसंगी जीवही जातो. म्हणून किती खोल जायचे, किती वेळ राहायचे, वर येताना कुठे थांबायचे, याचे कोष्टक असते. ते वाचता आलेच पाहिजे. तिथे अंदाज चालत नाही.

हे शिक्षण महाग आहे. काम बहुधा ठेक्यावर मिळते, बारमाही नसते. कान आणि छाती धड लागते. फिट येणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. कुणी दलाल म्हणेल, “पैसे द्या, नोकरी लावून देतो.” भाऊ, आधी कागद मागा आणि स्वतः वाचा. दाखला कोण देणार, तो कुठे चालतो, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे विचारा. वाचल्याशिवाय अंगठाही नको अन् सहीही नको.

प्रश्न
१. पाणबुड्याने हळूहळू वर का यावे?
२. पैसे भरण्याआधी काय काय विचारावे?