‘ॲकिलीस’चे खलाशी व ऑकलंड शहर

ता. २३ फेब्रुवारी १९४० रोजीं न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरानें ‘ॲकिलीस’ या युद्धनौकेच्या खलाशांचें जंगी स्वागत केलें. १३ डिसेंबर १९३९ रोजीं प्लेट नदीच्या मुखाबाहेर या नौकेनें आणखी दोन ब्रिटिश नौकांसह ‘ग्राफ श्पे’ या जर्मन जहाजाशीं झुंज दिली होती. जर्मन तोफा ११ इंची, ‘ॲकिलीस’च्या अवघ्या ६ इंची! तरीहि शत्रूस माँटेव्हिडिओ बंदराचा आश्रय घ्यावा लागला, आणि १७ तारखेस त्याच्याच कप्तानानें तें जहाज बुडविलें.

खलाशांत निम्म्याहून अधिक न्यूझीलंडचेच तरुण. म्हणून क्वीन स्ट्रीट या राजरस्त्यावर सुमारें एक लक्ष माणसें लोटलीं. परंतु चौघे जण लढाईंतच पडले होते. तो जयघोष त्यांच्या घरच्यांस कसा ऐकवला असेल, याचा विचार, बालमित्रांनो, वाचतांना अवश्य करावा.

नौका मात्र पुढें आपली झाली. १९४८ सालीं भारतानें ती विकत घेऊन तिचें नांव ‘दिल्ली’ ठेविलें. १९६९ सालीं तिनें न्यूझीलंडला भेट दिली, तेव्हां जुने खलाशी तिला पुन्हां पाहूं शकले. १९७८ सालीं ती सेवेंतून निघाली व मुंबईस मोडली गेली. तिच्या तोफांचा एक बुरूज भारतानें ऑकलंडला भेट म्हणून पाठविला.