आधी चारा, मग गाय!

मागच्या व्हिडिओत आपण दूधधंद्याचा खर्च मांडला, त्यात सगळ्यात मोठा आकडा चाऱ्याचा निघाला. आज त्यावरच बोलू.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाने कर्ज काढून आधी 4 गाई आणल्या. 400 किलोच्या गाईला दिवसाला, पाण्याचं वजन सोडून, साधारण 10 किलो चारा लागतो. म्हणजे 4 गाईंना 40 किलो! पडीक रानातलं गवत दिवाळीपर्यंत पुरलं. पुढे चारा विकत घेण्यात दुधाचे पैसे संपले आणि हप्त्यासाठी एक गाय विकावी लागली. गाई चांगल्या होत्या, क्रम चुकला.

नुसतं गवत का पुरत नाही?
फुलोऱ्यानंतर गवतातली प्रथिनं झपाट्याने घटतात. ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की पचन मंदावतं आणि गाय खातेच कमी. म्हणून अंजन किंवा मारवेल गवतासोबत स्टायलो लावा. हे द्विदल पीक कोरडवाहू, हलक्या जमिनीतही तग धरतं. पावसाळ्यात गाई जास्त करून हिरवं गवत खातात, ते वाळायला लागलं की स्टायलोकडे वळतात. आपल्या दुकानात एका मालाचा सीझन संपला की दुसरा चालतो ना, तसंच!

शिवाय स्टायलोच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो नत्र असतं, तेही विकतचं. इथे त्यातलं काही फुकट मिळतं.

काय करायचं?
1. पावसाच्या सुरुवातीला दोन ओळी गवत, एक ओळ स्टायलो पेरा. बी बारीक असतं, खोल टाकू नका.
2. पहिल्या वर्षी जनावरं सोडू नका. स्टायलोचं बी जमिनीवर पडू द्या, मग गवत कापून घाला.
3. दुसऱ्या वर्षी कुरणाचे 4 भाग करा. पावसाळ्यात एका भागात 8 दिवस चारलं, तर त्याला 24 दिवस विश्रांती मिळते.
4. गवत 10 सेंटिमीटरच्या खाली खाऊ देऊ नका. खालचा बुडखा म्हणजे भांडवल, वरचा पाला म्हणजे नफा.

एक सावधगिरी: स्टायलोऐवजी लसूणघास असेल, तर उपाशी जनावर त्यात सोडू नका, पोट फुगतं. आधी थोडा वाळला चारा द्या.

मग सांगा, कर्जाचा अर्ज आधी भरणार की कुरण आधी पेरणार?