साखर रक्तात आहे, पेशीत जाते का?

वस्तीत कोणाला मधुमेह निघाला की ‘त्याला शुगर झाली’ असे आपण म्हणतो. खरे तर साखर प्रत्येकाच्याच रक्तात असते, आणि ती फार खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो. प्रश्न आहे तो ही साखर रक्तातून पेशीत पोहोचते की नाही, याचा.

भाकरी, भात, पाव, बटाटा यांतल्या पिठाचे आतड्यात शेवटी ग्लुकोज होते. ते रक्तात येते आणि आधी यकृताकडे जाते. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात, म्हणजे सुमारे ५ लिटरमध्ये, उपाशीपोटी ४-५ ग्रॅमच ग्लुकोज असते. चहाचा एक चमचा! जेवणानंतर याच्या कितीतरी पट ग्लुकोज रक्तात येऊ लागते. ते वेळेवर हलवले नाही तर साठत जाणार.

पेशीचे आवरण स्निग्ध असते. पाण्यात विरघळलेले ग्लुकोज त्यातून आपोआप आत जात नाही. त्यासाठी प्रथिनांची दारे लागतात. स्नायू आणि चरबीच्या पेशींत ही दारे बहुतेक वेळ आतच ठेवलेली असतात. जेवण झाले की पोटामागचे स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. ते रक्तातून पेशीपर्यंत येऊन बाहेरच्या बाजूला चिकटते, निरोप आत जातो, आणि दारे वर आवरणापाशी येऊन बसतात. इन्सुलिनला ‘किल्ली’ म्हणतात, पण मला कडी वाजवणाऱ्या माणसाची उपमा जास्त पटते. तो स्वतः दारात शिरत नाही, दार आतलेच उघडतात. मेंदूला आणि तांबड्या पेशींना मात्र ग्लुकोज घेण्यासाठी कडी वाजायची वाट पाहावी लागत नाही. स्नायू काम करू लागले की तेही इन्सुलिनशिवाय दारे वर आणतात. जेवणानंतर चालायला सांगतात ते यासाठी.

‘रात्री काही खाल्ले नाही, तरी सकाळी साखर वाढलेली कशी?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखरेचा साठा असतो. उपाशीपणी स्वादुपिंडातलेच दुसरे संप्रेरक, ग्लुकॅगॉन, यकृताला साखर सोडायला सांगते आणि इन्सुलिन तिला आवर घालते. मधुमेहात यकृत इन्सुलिनचे ऐकत नाही, म्हणून ते रात्रभर साखर सोडत राहते.

लहान मुलांत बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. मोठ्यांत जास्त दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. पुढे स्वादुपिंडही थकते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी आणि तहान. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून निदान पक्के करतात. वयाची तिशी ओलांडलेल्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

‘इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी’ ही भीती फार नुकसान करते. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन वेगळे करण्यात आले आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम दिले गेले. त्याआधी पहिल्या प्रकाराची मुले फार काळ जगत नसत. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांनाही इन्सुलिन घ्यावे लागे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्यांनी या आजारपणातच लिहिला.

घरात फ्रिज नसेल तर न उघडलेली बाटली पाणी शिरणार नाही अशा डब्यात घालून पाण्याने भिजत ठेवलेल्या मातीच्या माठात ठेवावी. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर सावलीत साधारण चार आठवडे टिकते. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेले इन्सुलिन मात्र फेकून द्यावे.

पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनी हे नीट वाचावे. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी पोटात असताना जेवण चुकले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. डोस कसा बदलायचा हे आधीच डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. विनयात आजारी भिक्खूंना मध आणि काकवीसारखे पदार्थ अवेळीही औषध म्हणून घेण्याची मुभा आहे, तेव्हा शीलभंगाची धास्ती बाळगून चक्कर येईपर्यंत थांबू नये. लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.