लाल, निळा, पिवळा

पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ जगात जुलै २०१६ मध्ये आला आणि भारतात अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात. सप्टेंबरात जिओचे फुकट इंटरनेट सुरू झालेलेच होते. खेळाच्या कंपनीने जिओशीच करार केला आणि रिलायन्स डिजिटलची दुकाने खेळाच्या नकाशावर आली. वर्ध्यातली आमची मंडळी त्या लाटेतली. काही सेवाग्रामला शिकणारी पोरे, एक हिंगणघाटचा, एक देवळीहून एसटीने येणारा, बँकेतल्या दोन ताई आणि मी मास्तर. खेळाडू पाचव्या लेव्हलला पोचला की खेळ त्याला टीम विचारतो: लाल म्हणजे व्हॅलर, निळी म्हणजे मिस्टिक, पिवळी म्हणजे इन्स्टिंक्ट. या तीन रंगांच्या माणसांत इतकी वर्षे वावरून जे हाती लागले ते लिहितो.

१. कारणे मागून येतात

पाचव्या लेव्हलला माणसाला खेळातले ओ की ठो कळत नसते. प्रत्येक टीमला एक नेता आहे. मिस्टिकची ब्लांच अभ्यासू, व्हॅलरची कँडेला ताकदीची भक्त, इन्स्टिंक्टचा स्पार्क मनाचा कौल मानणारा. त्यांची दोन-दोन वाक्ये स्क्रीनवर येतात आणि ती कुणी वाचत नाही. सहा महिन्यांनी मात्र तोच खेळाडू सांगतो, "मी आधीपासून शांत डोक्याचा, म्हणून मिस्टिक." ज्या दिवशी त्याने बटण दाबले त्या दिवशी त्याच्या शेजारी कोण बसले होते हे मला ठाऊक असते, म्हणून मी काही बोलत नाही. खरे उत्तर एकट्या देवळीकराने दिले होते. कोणत्या टीमचा म्हणून विचारले तर म्हणाला, "ज्या टीमचे पोट्टे चहा पाजतीन त्या टीमचा!" तो आजही लाल आहे. चहा आता तोच पाजतो.

२. आपल्याकडे रंग कोरा मिळत नाही

खेळ बनवणाऱ्यांना तीन ठळक रंग हवे होते, एवढेच. पण आमच्यापासून दीड-दोन तासांवर नागपूरची दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर या भागातल्या कितीतरी घरांत निळा हा नुसता रंग उरलेला नाही. एका विद्यार्थ्याने टीमचे नावसुद्धा न वाचता निळ्यावर बोट ठेवले. मी पाहतोय म्हटल्यावर हसून म्हणाला, "सर, घरी दुसरा चालला असता का?" दुसऱ्या एकाची आई अंगणवाडी सेविका, मोर्चाला लाल बावटा घेऊन जाणारी, तो लालमध्ये गेला. बँकेतल्या एक ताई बदली होऊन पुणे जिल्ह्यातून आलेल्या, कुलदैवत जेजुरीचे. त्यांनी पिवळा घेतला आणि गटात लिहिले, "येळकोट येळकोट!"

तेव्हा निवडीत माणूस दिसत नाही असे नाही. दिसतो, पण बहुधा त्याचा स्वभाव नव्हे, त्याचे घर आणि त्याची संगत दिसते. (भगवा आणि हिरवा या दोन रंगांना खेळाने हात लावला नाही, हे आमच्या चौकाच्या तब्येतीला बरेच झाले. याच कंपनीने बनवलेल्या इन्ग्रेस या आधीच्या खेळात मात्र हिरवा आणि निळा असे दोनच गट आहेत. तो आमच्यात फार कुणी उतरवला नाही.)

३. समोरचा नसेल तर आपली कमाईही नाही

हा धडा सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त कामी आला.

नकाशावरच्या जिमवर एका वेळी एकाच रंगाचा ताबा असतो. त्या रंगाचे सहा खेळाडू आपला एकेक पोकेमॉन तिथे राखणीला बसवतात. दर दहा मिनिटांना एक नाणे जमते आणि दिवसाला फार तर ५० मिळतात. म्हणजे सव्वाआठ तासांच्या वर थोडे बसले की दिवसाचा कोटा पुरा. मेख अशी की नाणी हातात पडतात ती पोकेमॉन हरून घरी आल्यावरच. कुणी हल्लाच केला नाही तर तो आठवडाभर बसून राहतो आणि परतल्यावर तुम्हाला त्या दिवसाचे ५० मिळतात. बाकीची राखण फुकट.

पुण्या-मुंबईत ही अडचण जाणवत नसेल, तिथे हल्लेखोरांना तोटा नाही. आमच्याकडे सुरुवातीला निळ्यांनी शहर असे धरून ठेवले की लाल कंटाळून खेळणेच सोडायला लागले. निळे खूश होते, पण त्यांची नाणी आटली. मग टपरीवर बैठक बसली आणि वेळापत्रक ठरले: सकाळी यांनी बसवायचे, संध्याकाळी त्यांनी पाडायचे. बाहेरच्याला ही मिलीभगत वाटेल. मला तो शहाणपणा वाटला, आणि अजूनही वाटतो.

माणसांची खरी ओळख या वेळापत्रकाने करून दिली. बहुतेकांनी ते पाळले. दोघेतिघे असे निघाले की समोरच्याचा पोकेमॉन बसल्यावर दहाव्या मिनिटाला पाडत. त्यात त्यांचा स्वतःचा फायदा शून्य. समोरच्याला एका नाण्यावर घरी पाठवले, एवढेच समाधान. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर असाच एक प्रयोग केला होता. क्ली आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोण आवडतो, असल्या फुटकळ निमित्ताने त्यांचे दोन गट पाडले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. मग मुलांना इतरांत पैसे वाटायला सांगितले. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, अशा बाजूला पुष्कळ मुले झुकली. आमचे दहा मिनिटेवाले तिन्ही रंगांत होते. रंगावरून ते ओळखू आले नसते.

४. बोलणे चालू ठेवा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या २००४ च्या खेळात अलायन्स आणि होर्ड असे दोन गट आहेत. एकाने लिहिलेले दुसऱ्याला अगम्य अक्षरांत दिसावे, अशी त्यात मुद्दाम सोय होती. वैर टिकवायला ती उत्तम. आमच्याकडे तिन्ही रंगांची टपरी एकच. कुणी तापला की कुणीतरी म्हणतेच, "कायले भांडता बे, खेळच त हाये."

५. मोठी शिकार रंग पाहत नाही

२०१७ च्या जूनमध्ये रेड, म्हणजे धाडी, आल्या. दुर्मिळ पोकेमॉनला हरवायला तेव्हा बरीच माणसे एका ठिकाणी, एका वेळी लागत. महानगरात एकाच रंगाचा जमाव उभा राहू शकतो. वर्ध्यात निळ्याला लालचे आणि लालला पिवळ्याचे दार वाजवावेच लागले. पिवळे आमच्यात मोजकेच, त्यामुळे एरवी चेष्टेचा विषय. रेडच्या वेळी त्यांच्याइतका भाव कुणालाच नव्हता. तो त्यांनी मनसोक्त खाल्ला.

६. उघड बदलणाऱ्याचा राग येत नाही

फेब्रुवारी २०२० पासून टीम बदलता येते. किंमत १,००० नाणी, म्हणजे वीस दिवसांची पुरी कमाई, आणि पुन्हा बदलायला ३६५ दिवस थांबावे लागते. आमच्या हिंगणघाटकराने लग्नानंतर बायकोच्या रंगात उडी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा एक ज्यांची चलती त्यांच्यात गेला. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो म्हणून त्याला महिनाभर चिडवले आणि मग विसरलो.

राग आला तो दोन फोन बाळगणाऱ्याचा. एक खाते लाल, एक निळे, दोन्ही डगरींवर हात. नियमाने ते चालतही नाही. सकाळी लाल फोनने बसवायचा, संध्याकाळी निळ्याने पाडायचा, ना कुणाला विचारणे ना कुणाची वाट पाहणे. पकडला गेला तेव्हा टपरीवर बराच आरडाओरडा झाला. जेजुरीवाल्या ताईंना मात्र हसू आवरेना. "अहो, सोडा त्याला," त्या म्हणाल्या, "बिचाऱ्याला भांडायलासुद्धा कुणी मिळालं नाही."