डोळ्यांपुढची माशी

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, डोळ्यांपुढे सारखी माशी फिरते, हाताने वारली तरी जात नाही," तेव्हापासून तुझाच विचार डोक्यात आहे. मला हे पहिल्यांदा जाणवलं ते तांदूळ निवडताना. ताटात केस दिसला, उचलायला गेले तर निसटून कडेला. चष्मा पदराने पुसला, तरी केस आपला जागच्या जागी.

तो ताटात नव्हताच, डोळ्याच्या आत होता. डोळ्याच्या पोकळीत पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक गर असतो. त्यात ९८-९९ टक्के पाणी आणि कोलॅजनचे अगदी बारीक तंतू. वयानुसार गर पातळ होतो, तंतूंचा गुंता होतो आणि त्याची सावली मागच्या पडद्यावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. पांढऱ्या भिंतीवर, मोकळ्या आभाळात ती ठळक होते. आणि नीट बघायला जावं तर पळते, कारण डोळ्याबरोबर गरही हलतो. पन्नाशीनंतर पुष्कळांचा हा गर पडद्यापासून सुटतो. तुझ्यासारखा मोठा मायनस नंबर असला की आधीच. अशक्तपणाचं म्हणून कुणी टॉनिक सुचवेल, पण त्याने हे धागे विरघळत नाहीत. बहुतेक वेळा काही महिन्यांत मनच त्यांची दखल घेणं सोडतं.

पण एक गोष्ट नीट ऐक. सुटताना हा गर कधी कधी पडदा ओढतो, फाडतोही. मग एकाएकी काजळी उडाल्यासारखे ठिपकेच ठिपके दिसतात, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं होतं, किंवा एका बाजूने काळी सावली चढत येते. यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. फाटलेलं वेळीच सापडलं तर लेझरने भोवतीनं पक्कं करतात, पडदा सरकला तर मात्र ऑपरेशन. मधुमेह असेल तर आत रक्त उतरूनही असे ठिपके येतात. आणि यातलं काहीच दुखत नाही गं! "दुखत नाही ना, मग दिवाळी झाल्यावर बघू," हे आपण बायका म्हणतो, त्याचाच मला राग येतो.

तुझी माशी नवी आहे, तेव्हा याच आठवड्यात पडदा तपासून घे. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसतं. स्कूटर नेऊ नकोस, सोबत कुणाला तरी घेऊन जा आणि आल्यावर मला फोन कर.