सोबत्याची कामचुकारी वरिष्ठांस कळवावी काय?

शास्त्रपाठ : लेवीय १९:१५-१८, १ शमुवेल २२:६-१९, एस्तेर २:२१-२३, मत्तय १८:१५-१७.



आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी आज नोकरीवर आहेत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकवितात, कोणी दवाखान्यांत परिचारिका आहेत, कोणी साखर कारखान्यांत पाळीवर जातात, कोणी ग्रामपंचायतींत शिपाई आहेत. या सर्वांस केव्हां ना केव्हां एक प्रश्न पडतो. आपल्या जोडीस काम करणारा मनुष्य उशिरां येतो, लवकर जातो, आणि हजेरीपत्रकावर मात्र पूर्ण वेळेची सही करितो. तें वरिष्ठांस कळवावें, कीं मुकाट्यानें राहावें? कळविलें तर चुगलखोर म्हणवून घ्यावें लागतें. न कळविलें तर मन टोंचतें. या प्रश्नाचा आज आपण शास्त्राच्या उजेडांत विचार करूं.

विचार नेमका व्हावा म्हणून एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवूं. समजा, एका खेड्यांत पहिली ते चौथीची दोन शिक्षकी शाळा आहे. दोघेहि शिक्षक आपल्याच मंडळींतील. वडील शिक्षकाकडे मुख्याध्यापकाचा कारभार आहे. धाकट्याच्या लग्नांत व अडीअडचणींत ते त्याच्या पाठीशीं उभे राहिलेले आहेत. परंतु अलीकडे ते तालुक्याच्या गांवीं राहावयास गेले. घंटा साडेदहास होते, आणि ते साडेअकराच्या एस. टी. नें येतात. प्रथम आठवड्यांतून एकदां, मग रोजच. एके दिवशीं ते म्हणतात, "अहो मास्तर, माझी सही तेवढी ओढून ठेवीत जा. आपण कांहीं परके नाहीं." या तरुणानें काय करावें?

१. गेलेला वेळ कोणाचा?

कित्येक म्हणतात, "सरकारचा तास गेला तर गेला, त्यावांचून सरकार कांहीं उपाशीं मरत नाहीं." या म्हणण्याचा हिशेब करून पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षाचे निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिलें आहे. रोज एक तास याप्रमाणें २०० दिवसांचे २०० तास होतात. म्हणजे ८०० तासांचा चौथा हिस्सा गेला. चार वर्षें असेंच चाललें, तर त्या वर्गांतील मुलाच्या आयुष्यांतून शाळेचें एक सबंध वर्ष नाहींसें झालें.

तें कोणाच्या मुलाचें? ज्याच्या बापाजवळ पैसा आहे तो तालुक्यास शिकवणी लावील. परंतु जें मूल आपल्या घराण्यांत प्रथमच पाटी धरीत आहे, ज्याचे आईबाप ऊसतोडीस गेल्यामुळें आधींच कित्येक महिने बुडतात, त्याला त्या तासावांचून दुसरा आधार नाहीं. तेव्हां चोरी झाली ती सरकारच्या तिजोरींत नव्हे, तर गरिबाच्या झोळींत.

येथें कोणी द्राक्षमळ्याच्या दाखल्याकडे बोट दाखवील (मत्तय २०). शेवटच्या तासाला आलेल्यांसहि धन्यानें पूर्ण मजुरी दिलीच कीं! होय, दिली, पण ते उशिरां कां आले हें पाहा. त्यांस कोणी कामास लाविलें नव्हतें, आणि बोलावणें होतांच ते गेले. धन्यानेंहि सर्व ठाऊक असतांना आपल्या खुशीनें आपल्या पदरचें दिलें. जो धन्यास न कळवितां उशिरां येतो आणि वेळेवर आलों असें लिहितो, त्याला हा दाखला आसरा देत नाहीं.

२. शास्त्र चुगलीहि मना करितें आणि मौनहि

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत दोन आज्ञा एकमेकींस लागून आहेत. सोळाव्या वचनांत लोकांमध्यें चाहाडी करीत फिरूं नको असें आहे. सतराव्यांत भावाचा द्वेष मनांत दडवूं नको, त्याचा दोष त्याच्या पदरीं घाल, नाहीं तर त्याच्या पापाचा भार तुझ्यावरहि येईल, असा अर्थ आहे. आणि अठराव्यांत शेजाऱ्यावर प्रीति करण्याची थोर आज्ञा येते. या तिन्ही एकत्र वाचाव्या. ज्याला चुगलीची भीति वाटते त्यानें सतरावें वचन विसरूं नये. ज्याला सांगण्याची घाई झाली आहे त्यानें सोळावें विसरूं नये. आणि दोघांनींहि अठराव्याच्या कसोटीस उतरावें.

पवित्र शास्त्रांत बातमी सांगणारीं दोन माणसें समोरासमोर ठेवण्यासारखीं आहेत. एक दवेग अदोमी. अहीमलेख याजकानें दावीदास अन्न व तरवार दिली, तेव्हां तो नोबांत हजर होता. पुढें त्यानें ती गोष्ट शौल राजास सांगितली. अन्न व तरवार दिली हें खरें होतें. परंतु दावीद पळून आला आहे हें याजकास ठाऊक नव्हतें, तो राजाच्याच कामास आला आहे असें त्याला वाटलें होतें. तेवढें दवेग बोलला नाहीं. राजा संतापलेला आहे हें पाहून, त्याची मर्जी मिळावी म्हणून त्यानें अर्धें सत्य पुढें केलें. त्याचें फळ काय झालें? एका दिवसांत ८५ याजक मारले गेले.

दुसरा मर्दखय. राजवाड्याचे दोन द्वारपाळ राजाच्या जिवावर उठले आहेत असें त्याला कळलें. त्यानें तें एस्तेर राणीस कळविलें, आणि तिनें मर्दखयाच्या नांवानें राजास सांगितलें. मग चौकशी झाली व गोष्ट खरी ठरली. त्या वेळीं मर्दखयास कांहीं बक्षीस मिळालें नाहीं, आणि त्यानें तें मागितलेंहि नाहीं. दवेगानें सांगितलें तें स्वतःच्या लाभासाठीं. मर्दखयानें सांगितलें तें दुसऱ्याचा जीव वांचावा म्हणून. यावरून हें शिकावें कीं गोष्ट खरी आहे एवढ्यानें ती सांगणें योग्य ठरत नाहीं. ती पुरी सांगितली काय, नांवानिशीं सांगितली काय, आणि कोणाच्या हितासाठीं सांगितली, हेंहि पाहावें लागतें.

३. पहिली गोष्ट : आपला हात खोट्यांत घालूं नये

आतां आपल्या तरुण शिक्षकाकडे वळूं. त्याला वाटतें कीं माझ्यापुढें दोनच वाटा आहेत : सही करून मैत्री राखणें, किंवा केंद्रप्रमुखांकडे जाऊन मैत्री तोडणें. हें बरोबर नाहीं. या दोहोंच्या आधीं एक सरळ वाट आहे. त्यानें दुसऱ्याची सही करूं नये. नकार देणें म्हणजे चुगली नव्हे. "गुरुजी, तुमचे उपकार मी विसरलों नाहीं. दुपारची सुटी न घेतां मी तुमचाहि वर्ग सांभाळीन, पण तुमची सही मजकडून होणार नाहीं," एवढें नम्रपणें म्हणण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. आणि वरिष्ठ शाळेंत येऊन विचारतील तर जें आहे तें सांगावें. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत (४:२५) प्रेषित खोटें टाकून देण्यास सांगतो, आणि त्याचें कारण देतो कीं आपण एकमेकांचे अवयव आहों. हातानें डोळ्यास फसविलें तर ठेंच पायास लागते.

त्याबरोबरच आपल्या डोळ्यांतील मुसळहि पाहावें (मत्तय ७:३-५). जो स्वतः वर्ग चालू असतांना अर्धा तास मोबाइलवर घालवितो, त्यानें दुसऱ्याचें घड्याळ तपासूं नये.

४. दुसरी गोष्ट : प्रभूनें लावून दिलेल्या पायऱ्या

मत्तय १८ मध्यें प्रभूनें क्रम घालून दिला आहे. आधीं एकट्यानें एकट्यास भेटणें. ही पायरी आपण बहुधा गाळतों. सोबत्याचा उशीर आपण घरीं सांगतों, पारावर सांगतों, इतकेंच नव्हे तर प्रार्थनासभेंत "प्रार्थनेचा विषय" म्हणूनहि सांगतों. फक्त ज्याचा दोष त्यालाच सांगत नाहीं! त्याच्याकडे जा, आणि बोलण्याआधीं ऐका. ऐकण्यापूर्वीं उत्तर देणारा मूर्ख ठरतो असें नीतिसूत्रकार शिकवितो (१८:१३). कदाचित् त्याच्या घरीं दुखणेंकरी असेल व तो लाजेनें सांगत नसेल. तसें असेल तर उपाय निराळा आहे : त्यानें रजेचा अर्ज द्यावा, अडचण लेखी कळवावी, बदलीची विनंती करावी. त्यांत आपण त्याला साहाय्य करावें. अडचण खरी असली तर ती उजेडांत नेण्यास भय नाहीं. खोटी सही मात्र खऱ्या अडचणीसहि खोटी करून टाकते.

त्यानें न ऐकलें तर एकदोन समंजस माणसें बरोबर घ्यावीं : मंडळींतील पंच, पाळक, किंवा त्याचा जुना मित्र. सोबती ख्रिस्ती नसला तरी हीच रीत धरावी, कारण ती प्रीतीची रीत आहे. मात्र तेथें मध्यस्थ त्याला मान्य असा पाहावा.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं आणि मुलांचें नुकसान चालूच राहिलें, तर सांगणें हें कर्तव्य होतें. तेव्हां तीन गोष्टी संभाळाव्या. ज्याला ऐकण्याचा अधिकार आहे त्यालाच सांगावें. शाळेच्या बाबतींत केंद्रप्रमुख आहेत, आणि शाळा व्यवस्थापन समिति आहे, जींत बहुतेक सभासद मुलांचे आईबापच असतात. जें स्वतः पाहिलें तेवढेंच, तारीखवार सांगावें. तर्क जोडूं नयेत. आणि आपल्या नांवानें सांगावें. निनावी अर्ज ही अंधारांतून मारलेली धोंड आहे. करिंथांतील भांडणें पौलास ख्लोवेच्या माणसांकडून कळलीं, आणि तें त्यानें पत्रांत उघड लिहिलें (१ करिंथ. १:११). शक्य असल्यास, आपण कळविणार आहों हें सोबत्यासहि आधीं सांगावें. त्यानें तेवढ्यांत सुधारणा केली, तर तुम्हीं भाऊ मिळविला.

आपण सांगितलें म्हणजे निकाल झाला असें नाहीं. मनुष्याचें ऐकल्यावांचून त्याला दोषी ठरवावें काय, असें निकदेमानें विचारिलें होतें (योहान ७:५१). वर सांगितलेल्या कायद्याच्या २४ व्या कलमांतहि, शिक्षकानें नियमित व वेळेवर शाळेंत यावें असें असून, शिक्षेपूर्वीं त्याला आपली बाजू मांडण्याची योग्य संधि द्यावी असेंहि घातलें आहे. न्यायाधीश होण्याचा बोजा आपणांवर नाहीं. साक्षी होण्याचा मात्र आहे.

दोन अपवाद लक्षांत ठेवावे. पावसानें ओढा भरला व एखादे दिवशीं पंधरा मिनिटें उशीर झाला, तर त्याची नोंद ठेवणें हें प्रीतीचें लक्षण नव्हे. उलट, जेथें जिवाचा प्रश्न आहे, जसें रात्रपाळीची परिचारिका रोगी टाकून जाते किंवा कारखान्यांत यंत्रावरचा मनुष्य जागा सोडतो, तेथें पायऱ्या मोजीत बसूं नये. मर्दखयाप्रमाणें तत्काळ सांगावें.

५. सांगितल्यानंतर

खरी कसोटी येथें लागते. लोक म्हणतील, "आपल्याच माणसाचें उघडें केलें." पण आपला माणूस म्हणून पाप झांकणें ही भाऊबंदकी आहे, बंधुप्रीति नव्हे. थेस्सलनीकाकरांस लिहितांना पौल काम न करणाऱ्यांस आणि लुडबुड करणाऱ्यांस एकाच वाक्यांत दोष देतो, आणि शेवटीं सांगतो कीं अशाला शत्रु समजूं नका, भाऊ समजून बोध करा (२ थेस्सल. ३:११, १५). म्हणून त्या तरुणानें रविवारीं वडील शिक्षकाशेजारीं बसण्याचें टाळूं नये. त्यांचा पगार कापला गेला व घरांत अडचण पडली, तर पहिला मदतीचा हात त्याचाच असावा. जो असें करूं शकणार नाहीं, त्यानें तक्रार लिहिण्याआधीं पुन्हां गुडघे टेकावे. आणि मंडळीनेंहि त्या तरुणास एकटें पाडूं नये. ज्यानें किंमत देऊन खरें सांगितलें त्याला वाळींत टाकणारी मंडळी पुढें कोणाकडूनहि खऱ्याची अपेक्षा करूं शकत नाहीं.

आमच्या पुष्कळ खेड्यांत मंडळीचा आरंभ एका शिक्षकापासून झाला. एकाच छपराखालीं आठवडाभर शाळा व रविवारीं भजन होत असे. गांवानें प्रथम त्याचें वागणें पाहिलें, आणि मग त्याचा संदेश ऐकला. आजहि आपल्या मुलांस आपल्या हातीं सोंपविणारे लोक आपलें घड्याळ पाहत आहेत.

उपदेशकांस सूचना : हा धडा शिकवितांना गांवांतील कोणाहि मनुष्याचें नांव किंवा ओळखूं येईल असें उदाहरण घेऊं नये. आपल्या रोजनिशींत जीं गांवें प्रत्यक्ष फिरलों तींच लिहावीं. ऐकणारे प्रथम तेथेंच पाहतील.

विचारण्याचे प्रश्न :
१. दवेग व मर्दखय या दोघांनींहि बातमी सांगितली. दोघांत भेद कोणता?
२. खोटी सही नाकारणें आणि तक्रार करणें यांत काय अंतर आहे?
३. मत्तय १८ मधील पहिली पायरी आपण कां गाळतों?
४. तक्रार केल्यावर सोबत्याशीं आपलें वागणें कसें असावें?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या जिभेस चाहाडीपासून आवर, आणि भीतीच्या मौनापासून सोडीव. आमचा हात खरा ठेव, आणि ज्याचा दोष आम्हीं सांगितला त्याच्यावर प्रीति करण्यास आम्हांस शक्ति दे. आमेन.